फाइलला नाव ठेवताना

व्हेरिलॉगच्या मानकाने एका फाइलचे नाव आपल्या वतीने आधीच ठरवून ठेवले आहे: ‘डम्प.व्हीसीडी’. सिग्नलांचे चढउतार नोंदव, एवढेच सिम्युलेटरला सांगितले आणि कुठल्या फाइलमध्ये ते सांगायचे राहिले, की सगळी नोंद या नावाखाली जमा होते. दुसऱ्यांदा चालवले की आधीची नोंद पुसून तिथेच नवी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपासून चिप कंपनीच्या सर्व्हरपर्यंत कुठेही डोकावा, ही फाइल भेटतेच. ती कालची की आजची, दुरुस्तीच्या आधीची की नंतरची, कुठल्या टेस्टची, यातले काहीही तिच्या नावावरून कळत नाही. अशा मुक्या नावांविषयी ही पुस्तिका आहे.

‘यावर पुस्तिका कशाला?’ असे कोणी विचारले तर नवल नाही. फाइलला नाव कसे द्यावे हे कोणी शिकवत नाही. व्हीएलएसआयच्या वर्गात फ्लिपफ्लॉप होतात, स्टेट मशीन होते, टायमिंग होते. टेस्टबेंचचा, म्हणजे डिझाइन तपासणाऱ्या कोडचा, निकाल कुठे लिहायचा ते मुले सीनिअरच्या कोडवरून उचलतात. त्या सीनिअरने ते त्याच्या सीनिअरकडून उचललेले असते. म्हणून कोणे एके काळी एकाने एकट्याच्या सोयीसाठी लिहिलेले ‘आउटपुट.टीएक्सटी’ आज शेकडो रनांच्या रिग्रेशनमध्ये जसेच्या तसे ठाण मांडून बसलेले दिसते.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी. चिप सिलिकॉनवर उतरण्याआधी मजकुराच्या रूपात लिहिली जाते आणि सिम्युलेटर नावाच्या प्रोग्रॅममध्ये चालवून तपासली जाते. लिहिण्याच्या भाषा मुख्यतः दोन. व्हेरिलॉग १९८४ च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत जन्मली. फिल मूरबी यांनी ती घडवली आणि कंपनीचे प्रमुख होते आयआयटी कानपूरहून तिकडे गेलेले प्रभू गोयल. पुढे केडन्सने गेटवे विकत घेतली, १९९० मध्ये भाषा सर्वांसाठी खुली केली आणि १९९५ मध्ये तिला आयईईईचे मानक मिळाले. दुसरी व्हीएचडीएल. ती अमेरिकी संरक्षण खात्याच्या कार्यक्रमातून आली आणि तिचे मानक १९८७ सालीच झाले. व्हेरिलॉगचीच वाढ होऊन सिस्टिमव्हेरिलॉग झाली. २००५ पासून तिला स्वतंत्र मानक आहे. या तिन्ही भाषांत फाइल उघडण्याची सोय आहे. ती सोय कधी, कशी आणि किती अपुरी आली, यातच आपल्या विषयाचा बराचसा भाग आहे.

सिम्युलेशन संपले की त्यातले जग संपते. मेमरीत फिरणारे सिग्नल, रजिस्टरांतले आकडे, सगळे जाते. मागे उरतात त्या फाइली: लॉग, वेव्हफॉर्म, निकालांचे तक्ते, कव्हरेजची आकडेवारी. चिप बरोबर आहे असे जेव्हा एखादी टीम म्हणते, तेव्हा तिच्या हातात पुरावा म्हणून या फाइलीच असतात. एका फाइलवर दुसरी लिहिली गेली तर एक पुरावा गेला. आणि गेला हे कळतही नाही, हा त्यातला खरा घात. सिम्युलेटर कुरकुर करत नाही, कारण त्याला सांगितले तेच त्याने केलेले असते.

आता मूळ मुद्दा. सिम्युलेशन हे बंदिस्त जग आहे आणि ते मुद्दाम तसे बांधलेले आहे. त्यातले घड्याळ दर वेळी शून्यावर सुरू होते. तुम्ही सकाळी चालवा की मध्यरात्री, आतली वेळ शून्य नॅनोसेकंद. त्यातला ‘रँडम’ही मनमानी नसतो. व्हेरिलॉगच्या २००१ च्या मानकाने ‘$रँडम’चे गणित अक्षरशः प्रोग्रॅमच्या रूपात छापून दिले, सीड, म्हणजे सुरुवातीला दिलेला आकडा, तोच असेल तर येणारे आकडे तेच, त्याच क्रमाने. हा दोष नाही, हेच या साधनाचे बळ आहे. काल पडलेली चूक आज जशीच्या तशी पुन्हा पाडता आली नाही, तर ती दुरुस्त झाली की लपली हे कसे कळणार?

पण याचा दुसरा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. जे जग दर वेळी तंतोतंत तसेच चालते, ते दर वेळी वेगळे नाव कुठून आणणार? नवशिका माणूस फाइलच्या नावात ‘$टाइम’ घालतो आणि त्याला वाटते, आता नावे वेगळी होतील. होत नाहीत. फाइल सुरुवातीलाच उघडली तर प्रत्येक रनला नावात शून्यच येते. मग तो ‘$रँडम’ घालतो. पहिल्या रनला ऐटबाज आकडा येतो, दुसऱ्या रनला तोच आकडा तितक्याच ऐटीत येतो आणि पहिली फाइल जाते. एका रनमधल्या फाइली एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्यासाठी लागणारी माहिती आत असते; दोन रन एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची माहिती आत असूच शकत नाही, ती बाहेरून द्यावी लागते. या पुस्तिकेतली सगळी प्रकरणे या एका वाक्याभोवती फिरतात, आणि जे सतराशे साठ उपाय लोक सुचवतात त्यांतले कुठले टिकतील हे ओळखायलाही हेच वाक्य पुरते.

आधी आतली बाजू पाहू, कारण तिथली गंमत जवळून बघण्यासारखी आहे. समजा चार चॅनेलांचे डिझाइन आहे. प्रत्येक चॅनेलवर नजर ठेवणारे एक मॉनिटर मॉड्यूल लिहिले आणि ‘जनरेट’ वापरून त्याच्या चार प्रती केल्या. मॉड्यूलच्या आत सुरुवातीलाच एक ओळ आहे: ‘रिझल्ट.टीएक्सटी’ ही फाइल लिहिण्यासाठी उघड. मॉड्यूल एकदाच लिहिलेले, त्यामुळे नावही एकच. प्रती मात्र चार. चौघेही शून्य वेळेला फाइल उघडतात आणि उघडताना ती रिकामी करतात. इथवर ठीक. पण चौघांच्या हातात स्वतंत्र पेन आहे, आणि प्रत्येकाला वाटते की आपण पहिल्या अक्षरापासून लिहितो आहोत. लिहिलेले लगेच डिस्कवर जात नाही. काही हजार बाइट साठले की एकदम जाते. ज्याचा गठ्ठा शेवटी पोहोचला, त्याने आधीच्याच्या डोक्यावर लिहिले. ओळींची लांबी सारखी असेल, आणि निकालांच्या तक्त्यात ती बहुधा सारखीच असते, तर शेवटी मिळणारी फाइल अगदी नीटनेटकी दिसते. अर्धवट ओळ नाही, कचरा नाही. फक्त एकाच चॅनेलएवढ्या ओळी आहेत आणि त्यांतल्या काही दुसऱ्या चॅनेलच्या, काही चौथ्याच्या. अशी फाइल पायथनच्या स्क्रिप्टला दिली की ती बिनतक्रार आलेख काढून देते. बिघडलेली फाइल परवडली. अशी शहाण्यासारखी दिसणारी फाइल नको.

यावरचा उपाय भाषेनेच दिलेला आहे. व्हेरिलॉगमध्ये छपाईच्या मजकुरात ‘%एम’ घातले की तिथे त्या प्रतीचा पूर्ण पत्ता उमटतो: टेस्टबेंच, त्यातले डिझाइन, त्यातला चॅनेल क्रमांक दोन, त्यातला मॉनिटर. आपल्याकडे नुसते ‘संतोष’ म्हटले तर वर्गात तीन उभे राहतात. वडिलांचे नाव आणि आडनाव लावले की एकच राहतो. ‘%एम’ हेच करते. डिझाइनच्या झाडात दोन प्रतींचा पत्ता एक असणे भाषेच्या नियमानेच अशक्य आहे, म्हणून एका रनपुरते हे नाव खात्रीने अनन्य असते. मॉनिटर लिहिणाऱ्याला किती प्रती होणार हे माहीत असण्याचीही गरज नाही.

मात्र भाषेत चालणारे नाव फाइलच्या नावात चालेलच असे नाही. बिंदू आणि चौकोनी कंस बहुतेक ठिकाणी खपून जातात, जरी शेलच्या आज्ञेत कंस घातक ठरू शकतो. खरी अडचण येते सिंथेसिसनंतर, म्हणजे लिहिलेल्या मजकुराचे (आरटीएलचे) गेटांत रूपांतर झाल्यावर. सपाट केलेल्या नेटलिस्टमध्ये इन्स्टन्सांची, म्हणजे प्रतींची, नावे उलट्या तिरक्या रेघेने सुरू होणारी आणि रिकाम्या जागेने संपणारी असतात, आणि जुन्या पातळ्या दाखवण्यासाठी आत ‘/’ घातलेले असते. आता एखाद्या मेमरी मॉडेलने ‘%एम’ वापरून फाइल उघडायचा प्रयत्न केला की ऑपरेटिंग सिस्टिम त्या ‘/’ला डिरेक्टरी समजते. तशी डिरेक्टरी नसते, फाइल उघडत नाही. महिनोन्‌महिने आरटीएलवर व्यवस्थित चाललेली टेस्ट गेट पातळीवर आल्यावर पहिल्याच दिवशी मुकी होते, आणि माणसे टायमिंगमध्ये दोष शोधत बसतात.

व्हीएचडीएलमध्ये १९९३ पासून ‘इन्स्टन्स नेम’ आणि ‘पाथ नेम’ अशा दोन सोयी आहेत. त्यांच्या मजकुरात पातळ्या अपूर्णविरामाने, म्हणजे कोलनने, तोडलेल्या असतात. लिनक्सवर कोलन चालतो, विंडोजवर फाइलच्या नावात चालत नाही. अक्षरांच्या लहानमोठेपणाचाही घोळ आहे. व्हेरिलॉगमध्ये मोठा ‘यू’ आणि छोटा ‘यू’ ही दोन वेगळी नावे. विंडोज मात्र फाइलच्या नावात तो भेद मानत नाही, म्हणून दोन इन्स्टन्स एकाच फाइलवर येऊन आदळू शकतात. तेव्हा पत्ता जसाच्या तसा वापरू नये; त्यातली अडचणीची अक्षरे अधोरेषेने बदलावीत, आणि बदलताना दोन वेगळे पत्ते एक तर होत नाहीत ना ते पाहावे. ते काम करणारे छोटे फंक्शन पुस्तिकेत दोन्ही भाषांत दिले आहे.

नाव जोडून तयार करण्याच्या कलेलाही इतिहास आहे, आणि तो करमणूक करणारा आहे. व्हेरिलॉगच्या १९९५ च्या मानकात मजकूर तयार करून व्हेरिएबलमध्ये ठेवण्याची सोयच नव्हती. मजकूर म्हणजे बिटांची लांबलचक रांग, दर अक्षराला आठ बिट. मग जुनी माणसे काय करत? अक्षरांच्या कोष्टकात ‘०’ या अंकाचा क्रमांक ४८ आहे. त्यात चॅनेलचा क्रमांक मिळवायचा, येणारे अक्षर दोन तुकड्यांच्या मध्ये चिकटवायचे, नाव तयार. शून्यापासून नऊपर्यंत सुंदर चालते. दहाव्याला बेरीज ५८ येते आणि ५८ वे अक्षर आहे कोलन. म्हणून जुन्या प्रोजेक्टांच्या डिरेक्टरीत आठ, नऊ यांच्या शेजारी कोलनवाली फाइल दिसली, तर ती कोणाची खोडी नव्हे. दहावा चॅनेल आहे तो.

त्या रांगेची लांबी आधी ठरवावी लागे, हा दुसरा काच. नाव रांगेपेक्षा मोठे झाले तर डाव्या बाजूची अक्षरे गळून पडत, म्हणजे नेमका डिरेक्टरीचा मार्गच जाई आणि फाइल भलत्याच ठिकाणी तयार होई. नाव छोटे असेल तर डावीकडे शून्य मूल्याचे बाइट भरले जात, आणि असे दोन तुकडे जोडले की ते अदृश्य बाइट नावाच्या मधोमध येऊन बसत. २००१ च्या मानकात ‘$एसफॉरमॅट’ आले, सिस्टिमव्हेरिलॉगमध्ये हव्या त्या लांबीचा ‘स्ट्रिंग’ प्रकार आणि ‘$एसफॉरमॅटएफ’ आले, आणि हा सगळा द्राविडी प्राणायाम संपला. तरी जुने कोड अजून जिवंत आहे आणि ते वाचता यायला हवे.

नव्या सोयीतही एक खाच आहे, नव्या माणसाला हमखास अडकवणारी. आकडा नावात घालताना ‘%डी’ लिहिले तर सिम्युलेटर त्या प्रकारच्या सर्वांत मोठ्या आकड्याला पुरेल इतकी जागा राखतो आणि उरलेली जागा रिकामी ठेवतो. ३२ बिटांच्या चिन्हरहित आकड्याला दहा जागा लागतात. म्हणजे सातव्या चॅनेलच्या फाइलच्या नावात सातच्या आधी नऊ रिकाम्या जागा. फाइल तयार होते, त्या जागा डोळ्यांना नीट दिसतही नाहीत, आणि शेलची साधी स्क्रिप्ट त्या एका नावाची दोन नावे करते. मध्ये शून्य घालून ‘%०डी’ लिहिले की रिकाम्या जागा जातात. एवढ्यावर न थांबता आकडे शून्यांनी भरून सारख्या लांबीचे केले, तर यादीत दहावी फाइल दुसरीच्या आधी येत नाही. व्हीएचडीएलमध्ये ‘इंटिजर इमेज’ आकड्याच्या आधी रिकामी जागा सोडत नाही, पण शून्येही भरत नाही. ती आपणच भरायची.

व्हीएचडीएलची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात गोंधळ कमी आहे. १९८७ च्या मानकात फाइल जाहीर केली की डिझाइन उभे राहतानाच ती उघडत असे. मध्येच उघडण्या-मिटण्याची मुभा नव्हती. नाव वेगळे हवे तर ते जेनेरिकमधून द्यायचे. १९९३ ला ‘फाइल ओपन’ आणि ‘फाइल क्लोज’ आले. उघडली की नाही हे सांगणारा निकालही मिळू लागला. तो निकाल मागितला नाही आणि फाइल उघडली नाही, तर सिम्युलेशन चूक दाखवून थांबते. थांबते हे फार चांगले. व्हेरिलॉगमध्ये तसे होत नाही. तिथे फाइल उघडणारे ‘$एफओपन’ अयशस्वी झाले तर शून्य परत येते आणि त्या शून्यावर लिहिलेले कुठेच जात नाही. रन शेवटपर्यंत चालतो आणि हाती काही लागत नाही.

हे शून्य आणखी एका वाटेने येते. जुन्या पद्धतीत फाइल उघडली की ३२ बिटांचा आकडा मिळे. त्यातला एकेक बिट एकेका फाइलचा, सर्वांत खालचा पडद्याचा. एकच मजकूर अनेक फाइलींत एकदम लिहिण्यासाठी ही युक्ती झकास होती, पण फाइली तीस-एकतीसच्या पुढे जात नसत. ‘$एफओपन’ला दुसरा शब्द, म्हणजे लिहायचे की वाचायचे हे न सांगता बोलावले तर आजही हीच पद्धत लागू होते. तेव्हा चौसष्ट चॅनेलांना चौसष्ट अनन्य नावे दिली, तरी निम्म्याहून जास्त फाइली जन्माला येणार नाहीत. नाव वेगळे असणे पुरेसे नाही. फाइल उघडली का, हे प्रत्येक वेळी विचारलेच पाहिजे आणि नसेल तर रन तिथेच थांबवला पाहिजे. या बाबतीत मी कोणाचीही सबब ऐकत नाही.

आता बाहेरची बाजू. एकटा माणूस, एक लॅपटॉप, एका वेळी एक रन, असे असेल तर आयुष्य सोपे आहे. रिग्रेशनमध्ये तसे नसते. एकच टेस्ट शंभर सीडांनी, दहा-वीस मशीनवर, एकाच सामायिक डिस्कवर एकदम चालते. तिथे ‘फाइल आधी आहे का ते बघू, नसेल तर तयार करू’ हा विचार फसतो. दोघांनी एकाच क्षणी बघितले, दोघांना फाइल दिसली नाही, दोघांनी तयार केली. बघणे आणि करणे यांच्या मधली फट कितीही लहान असली, तरी शेकडो रनांत ती कोणाला तरी सापडतेच. सी भाषेला २०११ च्या मानकात ‘फाइल आधी असेल तर उघडू नको’ असे सांगण्याची सोय मिळाली. व्हेरिलॉगच्या ‘$एफओपन’मध्ये ती नाही. त्यामुळे ही फट भाषेच्या आत राहून बुजवता येत नाही.

काही जण मोजणी-फाइल ठेवतात. एका फाइलमध्ये आकडा, सुरू होताना वाचायचा, एकने वाढवून परत लिहायचा, तोच आपल्या नावात घालायचा. कल्पना गोजिरी आहे. पण ती मोजणी-फाइल सर्वांची सामायिक, म्हणजे जो प्रश्न सोडवायचा तोच एक पायरी वर नेऊन ठेवला. मग येते तारीख-वेळ. ती भाषेतून मिळवणे हेच एक लचांड होते: सिस्टिमव्हेरिलॉगमध्ये ‘$सिस्टिम’मधून किंवा सी भाषेचे फंक्शन जोडून ती आणता येते, आणि व्हीएचडीएलच्या २०१९ च्या मानकाने खरे घड्याळ आणि एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल वाचण्याची सोय दिली आहे, पण ती सगळ्या सिम्युलेटरांत सारखी पोहोचलेली नाही. आणि मिळाली तरी सेकंदापर्यंतची वेळ पुरत नाही. सर्व्हरवर एकाच सेकंदात वीस रन सुटतात.

माझा कौल सरळ आहे. रनचे नाव सिम्युलेटरने ठरवू नये. त्याला जो चालवतो, त्या स्क्रिप्टने ठरवावे आणि आत पोहोचवावे. व्हेरिलॉगमध्ये यासाठी ‘$व्हॅल्यू$प्लसआर्ग्ज’ आहे: आज्ञेच्या ओळीवर अधिक चिन्ह लावून लिहिलेला मजकूर टेस्टबेंच वाचू शकतो, पुन्हा कंपाइल न करता. व्हीएचडीएलमध्ये हेच काम सर्वांत वरच्या पातळीच्या जेनेरिकने होते. स्क्रिप्टच्या हाती डिरेक्टरी तयार करण्याची आज्ञा असते, आणि ती आज्ञा अविभाज्य आहे: त्या नावाची डिरेक्टरी आधीच असेल तर आज्ञा फसते, दोघांना एकदम ती कधीच मिळत नाही. जी फट ‘$एफओपन’ला बुजवता येत नव्हती, ती इथे आपोआप बुजते. प्रत्येक रनला स्वतःची डिरेक्टरी द्या; मग आतल्या ‘डम्प.व्हीसीडी’चे नावही बदलायची गरज उरत नाही. व्हीएचडीएलवाल्यांमध्ये रुळलेली व्हीयुनिट ही मुक्त चौकट हेच करते. प्रत्येक टेस्टला तिची स्वतःची आउटपुट डिरेक्टरी मिळते आणि टेस्टबेंचला तिचा मार्ग विचारता येतो. एलएसएफसारखी, कामे सर्व्हरांवर वाटून देणारी प्रणाली वापरत असाल तर ती प्रत्येक जॉबला क्रमांक देतेच; तोही नावात घ्यावा.

अनन्य नाव आणि उपयोगी नाव यांत मात्र फरक आहे, आणि इथे बरेच हुशार लोक घसरतात. १२८ बिटांचा यादृच्छिक क्रमांक लावला की नाव कोणाशीही जुळणार नाही याची निश्चिंती मिळते, पण तीन दिवसांनी ती फाइल बघणाऱ्याला त्यातून काडीचाही बोध होत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, तसे हे. नावात ते यावे, ज्याने तो रन तो रन झाला: टेस्टचे नाव, सीड, आणि डिझाइनची आवृत्ती, म्हणजे गिट वापरत असाल तर कमिटच्या क्रमांकाची पहिली सात-आठ अक्षरे. सीड सर्वांत महत्त्वाचा. नापास झालेल्या रनचा सीड नावात असेल तर तो रन एका ओळीत पुन्हा उभा करता येतो. नसेल तर लॉग उकरत बसावे लागते, आणि लॉगवर दुसरा लॉग चढला असेल तर तेही नाही. तारीख शेवटी, आणि वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, म्हणजे नावाचा आधीचा भाग सारखा असलेल्या फाइली यादीत आपसूक काळाच्या क्रमाने लागतात. वेळ लिहिताना कोलन टाळा, कारण वर आलेच आहे.

म्हणून सगळेच नावात कोंबावे असेही नाही. लिनक्सच्या बहुतेक फाइल-व्यवस्थांत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीत लिहायची हौस असेल तर लक्षात ठेवा, आपले एकेक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, आणि मर्यादा ८५ चिन्हांवर येते. शिवाय व्हेरिलॉगचा मजकूर आठ-आठ बिटांनी मोजला जातो, तेव्हा ही हौस अहवालापुरती ठेवलेली बरी. बाकीचा तपशील फाइलच्या आत, पहिल्या काही ओळींत लिहावा: सिम्युलेटरचे नाव आणि आवृत्ती, पूर्ण आज्ञा, पूर्ण कमिट क्रमांक, न नोंदवलेले बदल होते का. व्हीसीडीच्या रचनेत तारीख आणि आवृत्ती लिहायला पहिल्यापासून जागा ठेवलेली आहे; तो शहाणपणा आपल्या साध्या तक्त्यांनीही उचलावा. आवृत्ती का, तर ‘$रँडम’चे गणित मानकात असले तरी सिस्टिमव्हेरिलॉगच्या बंधनयुक्त रँडमचे नाही, सिम्युलेटर बदलला की तोच सीड वेगळे आकडे देऊ शकतो. आणि आत लिहायचे दुसरे कारण अगदी व्यवहारी आहे. फाइली डिरेक्टरीत राहत नाहीत. कोणी तरी ईमेलला जोडतो, कोणी डेस्कटॉपवर ओढतो, आणि डिरेक्टरीने दिलेली ओळख तिथेच गळून पडते.

अर्धवट राहिलेल्या रनांविषयी पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्याचा इथे नुसता उल्लेख करतो. मध्येच मारलेल्या रनची फाइल नावाने पूर्ण रनसारखीच दिसते. लिहिताना तात्पुरते नाव आणि रन नीट संपल्यावर स्क्रिप्टने दिलेले अंतिम नाव, एवढ्या शिस्तीने तो प्रश्न सुटतो.

पुस्तिकेतली उदाहरणे स्टीफन विल्यम्स यांचा आयकॅरस व्हेरिलॉग आणि त्रिस्तां गिंगोल्ड यांचा जीएचडीएल या दोन मोफत सिम्युलेटरांवर चालावीत अशी ठेवली आहेत. लायसन्स नाही म्हणून विद्यार्थी अडू नये, हा त्यामागचा हेतू. व्यापारी सिम्युलेटरांत सीड देण्याची आज्ञा प्रत्येकाची निराळी आहे, तेवढी आपापल्या माहितीपुस्तकातून घ्यावी. पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक करावे: आपल्या चालू प्रोजेक्टमध्ये ‘$एफओपन’ किंवा ‘फाइल ओपन’ शोधावे, अवतरणचिन्हांत थेट लिहिलेली नावे किती आहेत ती बघावीत, आणि ती यादी शेजारी ठेवूनच पुढे वाचावे.